मोटारसायकलच्या सुट्या भागांची रचना आणि पेटंट

मोटारसायकलच्या सुट्या भागांची रचना आणि पेटंट हा यंत्रअभियांत्रिकी व बौद्धिक संपदा कायदा यांच्या सीमेवरील विषय आहे. ग्राहकाच्या मागणीनुसार किंवा स्वतःच्या कल्पनेतून हँडल, सायलेन्सर, लेगगार्ड, सामानाची चौकट, फूटरेस्ट, दिव्याचे आवरण असे भाग नव्याने घडविणे आणि त्यांतील नावीन्यावर कायद्याने हक्क मिळविणे, या दोन्ही गोष्टी त्यात येतात. भारतात असे संरक्षण मुख्यतः पेटंट अधिनियम, १९७० आणि अभिकल्प अधिनियम, २००० या दोन कायद्यांनी मिळते. पेटंटला मराठीत एकस्व हा प्रतिशब्द आहे. व्यवहारात मात्र पेटंट हाच शब्द रूढ आहे.

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसरात हा विषय केवळ पुस्तकी राहत नाही. वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे, तसेच मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या पेल्हार या भागांत औद्योगिक वसाहतींचे गाळे आहेत. लेथ, मिलिंग, पत्र्याचे काम, प्लॅस्टिक साचेकाम, पावडर कोटिंग अशी कामे तेथे जॉबवर्क पद्धतीने चालतात. एखादा नवा भाग तयार होताना तो अशा तीन-चार गाळ्यांतून फिरतो. पाइप एकीकडे वाकतो, वेल्डिंग दुसरीकडे होते आणि रंग तिसरीकडे चढतो. त्यामुळे कल्पना नक्की कोणाची आणि हक्क कोणाचा, हे प्रश्न येथे स्वाभाविकपणे उभे राहतात.

कार्य आणि रूप

पेटंट भागाच्या कार्याला मिळते, अभिकल्पाची नोंदणी त्याच्या रूपाला. धक्के शोषण्याची नवी यंत्रणा हा पेटंटचा विषय होय. त्याच यंत्रणेवरील आवरणाचा डोळ्यांना जाणवणारा आकार हा अभिकल्पाचा विषय होय. अभिकल्प अधिनियमाच्या व्याख्येनुसार आकार, मांडणी, नक्षी किंवा रेषा-रंगांची रचना केवळ दृष्टीने जोखली जाते. रचनेचे तत्त्व किंवा मूलतः यांत्रिक साधन असलेली वस्तू या व्याख्येतून स्पष्टपणे वगळली आहे. म्हणूनच एखाद्या ब्रॅकेटचा आकार केवळ चेसिसच्या बोल्टांशी जुळावा एवढ्यासाठीच तसा असेल, तर अभिकल्पाचा दावा टिकणे कठीण असते. स्वतंत्रपणे बनविता व विकता येणारा भाग ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वस्तू असल्याने आरसा, मागील दिवा किंवा सायलेन्सरचे आवरण यांची वेगळी नोंदणी होऊ शकते. लोकार्नो वर्गीकरणात वाहनांचे भाग व उपसाधने १२-१६ या उपवर्गात मोडतात.

पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. अभिकल्पाचा हक्क १० वर्षे मिळतो व तो आणखी ५ वर्षे वाढविता येतो. आरेखनावर आपला कॉपीराइट आहेच, मग नोंदणीची गरज काय, असा समज कारागिरांत आढळतो. तो धोकादायक आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार, नोंदणीयोग्य परंतु नोंदणी न केलेल्या अभिकल्पाची वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा तयार झाली की त्या अभिकल्पावरील कॉपीराइट संपुष्टात येतो. ५० नग म्हणजे लहानशा गाळ्याचेही फार दिवसांचे काम नव्हे.

कारागिरीची सुधारणा की शोध?

पेटंट मिळण्यासाठी नावीन्य, कल्पक पाऊल आणि औद्योगिक उपयोगिता या तीन कसोट्या उतराव्या लागतात. सुट्या भागांचे अर्ज बहुधा दुसऱ्या कसोटीवर अडखळतात. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ मधील बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल आजही मार्गदर्शक मानला जातो. त्यातील वाद मोटारसायकलचा नव्हता, भांड्यांचा होता. लेथवर भांडे घट्ट धरून ठेवण्याच्या एका जुळणीवर घेतलेले पेटंट न्यायालयाने रद्द ठरविले. पेटंटयोग्य सुधारणा ही कार्यशाळेतील नेहमीच्या सुधारणेपेक्षा अधिक काही असली पाहिजे, असे तत्त्व त्यात मांडले गेले. लेथवर हात बसलेल्या कोणत्याही कुशल टर्नरला जे सहज सुचले असते, तो कायद्याच्या भाषेत शोध नव्हे. पेटंट अधिनियमाचे कलम ३(फ) हाच विचार दुसऱ्या बाजूने सांगते: ठाऊक असलेली व आपापले काम स्वतंत्रपणे करणारी साधने नुसती शेजारी मांडणे म्हणजे शोध नव्हे. लेगगार्डवर दिवा आणि मोबाइल चार्जर एकत्र बसविणे सोयीचे असले, तरी तेवढ्याने पेटंट मिळत नाही.

याचा अर्थ लहान माणसाला ही वाट बंद आहे असा नाही. गुजरातमधील अमरेली जिल्ह्याचे मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलच्या मागील चाकाच्या जागी शेतीची अवजारे जोडता येतील अशी 'बुलेट संती' तयार केली. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या साहाय्याने तिला पेटंट संरक्षण मिळाले. येथे जोडणीमुळे दुचाकीचे कार्यच बदलले होते.

बजाज विरुद्ध टीव्हीएस

दुचाकीच्या भागांवरील पेटंटचा भारतातील सर्वांत गाजलेला वाद महाराष्ट्रातील कंपनीच्या इंजिनावरून झाला. पुण्याच्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी चार-स्ट्रोक तत्त्वावरील सुधारित अंतर्ज्वलन इंजिनासाठी अर्ज केला आणि २००५ मध्ये तिला पेटंट क्रमांक १९५९०४ मिळाला. पल्सर मोटारसायकलमुळे हे तंत्र 'डीटीएस-आय' या नावाने परिचित झाले. लहान व्यासाच्या सिलिंडरात इंधन कमी व हवा जास्त असलेले मिश्रण एकाच स्पार्क प्लगने पेटविल्यास ज्वाळा संथपणे पसरते आणि ज्वलन अपुरे राहण्याची शक्यता असते. दोन बाजूंनी दोन प्लग बसविल्यास ज्वाळेला कापावे लागणारे अंतर कमी होते. दोन प्लगची कल्पना जगात अगदीच नवी नव्हती. दावा होता तो लहान इंजिनात ती विशिष्ट प्रकारे साधण्याचा.

२००७ मध्ये टीव्हीएस मोटर कंपनीने १२५ सीसीची 'फ्लेम' जाहीर केली. तिच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आणि दोन स्पार्क प्लग होते. टीव्हीएसने बजाजचे पेटंट रद्द करण्याची मागणी केली आणि बजाजच्या धमक्या निराधार असल्याचा दावाही मद्रास उच्च न्यायालयात लावला. बजाजने उल्लंघनाचा दावा दाखल केला. फेब्रुवारी २००८ मध्ये एकल न्यायमूर्तींनी बजाजच्या बाजूने अंतरिम मनाई दिली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठविली. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, मात्र विक्रीचा चोख हिशेब ठेवण्यास सांगितले आणि मूळ दावा ३० नोव्हेंबर २००९ पर्यंत निकाली काढण्याचे निर्देश दिले. पेटंट, व्यापारचिन्ह व कॉपीराइट यांचे दावे अंतरिम आदेशांतच वर्षानुवर्षे अडकतात, याबद्दल न्यायालयाने नापसंती व्यक्त केली आणि असे खटले शक्यतो चार महिन्यांत निकाली निघावेत असे म्हटले. प्रत्यक्षात दोन्ही कंपन्यांमधील वाद आपसांतील तडजोडीने मिटला तो २०१९ मध्ये. मोठ्या कंपन्यांना एवढी वाट पाहणे परवडते. एका गाळ्यात चालणाऱ्या धंद्याने पेटंटचा विचार करताना वकिलाचा खर्चही हिशेबात धरावा, हे उघड आहे.

गुप्तता, चाचणी आणि अर्ज

अर्जापूर्वी शोध जाहीर झाला तर नावीन्य नाहीसे होते. आपण घडविलेल्या भागाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणे, तो ग्राहकाला विकणे किंवा प्रदर्शनात मांडणे यांपैकी कोणतीही गोष्ट पुढे अर्जाच्या मुळावर येऊ शकते. अधिसूचित प्रदर्शनांपुरती मर्यादित सवलत कायद्यात आहे. मोटारसायकलच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: भागाची खरी परीक्षा रस्त्यावरच होते. कलम ३२ या दृष्टीने महत्त्वाचे आहे. अग्रक्रम तारखेपूर्वीच्या एका वर्षात केवळ वाजवी चाचणीसाठी शोध उघडपणे वापरला गेला असेल आणि त्याच्या स्वरूपामुळे तसे करणे आवश्यक असेल, तर तेवढ्यावरून पेटंट बाद होत नाही. तथापि चाचणीच्या नावाखाली चार मित्रांना पैसे घेऊन तोच भाग बसवून दिल्यास ती चाचणी राहत नाही.

सुरक्षित मार्ग म्हणजे आधी तात्पुरते विनिर्देशपत्र दाखल करणे. त्याने तारीख राखली जाते आणि संपूर्ण विनिर्देशपत्र देण्यासाठी १२ महिने मिळतात. या काळात नमुना तयार करून त्यात दुरुस्त्या करता येतात. साधारणतः १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. तपासणीची विनंती वेगळी करावी लागते. तिची मुदत पूर्वी ४८ महिने होती, ती २०२४ च्या नियमांनी ३१ महिन्यांवर आणली. ही विनंती राहून गेल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते. ऑनलाइन अर्जासाठी व्यक्तीला १,६०० रुपये आणि साध्या तपासणी विनंतीसाठी ४,००० रुपये शासकीय शुल्क आहे. नवउद्यम व लघु घटकांनाही हीच सवलत मिळते. व्यक्तीच्या अभिकल्प अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे. महाराष्ट्रातील पेटंट अर्ज मुंबईतील अँटॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनाच्या कक्षेत येतात. अभिकल्पांची तपासणी मात्र कोलकात्याच्या कार्यालयात होते.

हक्क कोणाचा?

जॉबवर्कच्या धंद्यात सर्वाधिक दुर्लक्षिलेला प्रश्न हाच आहे, आणि दोन कायदे त्याची दोन निराळी उत्तरे देतात. पेटंटसाठी अर्ज करण्याचा अधिकार खऱ्या व प्रथम शोधकाला किंवा त्याने हक्क लेखी हस्तांतरित केलेल्या व्यक्तीला असतो. ग्राहकाने कामाचे पैसे दिले एवढ्यावरून शोध त्याचा होत नाही. अभिकल्पाचे उलट आहे. योग्य मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी अभिकल्प तयार केल्यास कायद्याच्या व्याख्येनुसार तो दुसराच त्याचा स्वामी ठरतो. म्हणजे एकाच सायलेन्सरमधील आवाज दाबण्याची नवी यंत्रणा कारागिराची आणि त्याच्या आवरणाचे रूप ग्राहकाचे, अशी स्थिती उद्भवू शकते. काम हाती घेण्यापूर्वी एका पानाचा का होईना लेखी करार आणि प्रत्येक गाळ्याशी गोपनीयतेची अट, हाच यावरील व्यवहार्य उपाय होय.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पेटंटधारकाच्या संमतीविना वस्तू बनविणे हेच उल्लंघन आहे, केवळ विकणे नव्हे. 'आम्हाला आरेखन मिळाले, आम्ही नग काढून दिले' हा बचाव जॉबवर्क करणाऱ्याला पूर्णतः वाचवीत नाही. पेटंटचे उल्लंघन हा फौजदारी गुन्हा नाही. मनाई, नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब असे दिवाणी उपाय त्यावर आहेत. अभिकल्पाच्या नकलेसाठी प्रत्येक उल्लंघनामागे २५,००० रुपयांपर्यंत आणि एका अभिकल्पासाठी एकूण ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम वसूल करता येते. किंवा तिच्याऐवजी नुकसानभरपाई व मनाईचा दावा लावता येतो. पहिली मर्यादा आजच्या बाजारात फारच तोकडी आहे.

पेटंट म्हणजे रस्त्यावरचा परवाना नव्हे

पेटंट इतरांना रोखण्याचा हक्क देते. भाग वाहनावर बसविण्याची परवानगी देत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत होतील असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची स्पष्टता केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या वाहनमालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्राने सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरविलेला भाग मानकांविना विकल्यास शिक्षा याहून मोठी, म्हणजे प्रत्येक भागामागे एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. एमएच-४८ क्रमांकाच्या गाडीवर बसविलेला सायलेन्सर कितीही नवीन कल्पनेचा असला, तरी आवाजाची मर्यादा त्याला चुकत नाही. नव्या दुचाकीच्या मान्यता-चाचणीत ८० ते १७५ सीसीच्या गाडीसाठी ती ७७ डेसिबल आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी ८० डेसिबल आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, ज्याला बोलीत साडीगार्ड म्हणतात, तेही केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आवश्यक आहे. हौसेने बदललेल्या गाड्यांवरून सर्वप्रथम बहुधा तेच काढले जाते.

पेट्यांवर व जाहिरातींत कंपन्यांची नावे वापरण्याबाबत व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चे कलम ३० उपयोगी पडते. सुटा भाग कोणत्या गाडीला बसतो हे सांगण्यासाठी वाजवी तेवढा उल्लेख त्यानुसार चालतो. 'पल्सरसाठी योग्य' असे लिहिता येते, पण मूळ कंपनीचाच माल आहे असा भास होईल अशी अक्षरे वा बोधचिन्ह छापता येत नाही. तसेच पेटंट मिळालेले नसताना वस्तूवर 'पेटंटेड' असे लिहिणे दंडनीय आहे. अर्ज केला असल्यास 'पेटंट प्रलंबित' एवढेच लिहावे.