वारली चित्र विकत घेताय? मग एवढं विचारा

दुकानात 'वारली' कप दिसला की मी तो उलटा करून बघतो. चित्रकाराचं नाव? नसतंच! डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यावर त्याच्या किमतीतलं काय पोचतं, कोण जाणे.

ही कला मूळची लग्नघरातली. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते आणि सवाष्णी गेरूने रंगवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, मधोमध पालघट देवी. 1970च्या दशकात हस्तकला मंडळातर्फे भास्कर कुलकर्णी या भागात आले, चित्रं कागदावर उतरली आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोचले (पद्मश्री, 2011). बाजार आला तसा कुंचला मात्र पुरुषांच्या हातात जास्त गेला, यावर आपण फारसं बोलत नाही.

2014मध्ये वारली चित्रकलेला जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणी मिळाली. त्यामागे आदिवासी युवा सेवा संघाची, म्हणजे 'आयुश'वाल्यांची धडपड. पण कारागिराने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःचं नाव नोंदवलं, तरच तो टॅग त्याच्या कामाचा.

आणि कारागिरांचं प्रशिक्षण म्हणजे चित्र शिकवणं नव्हे हो, ते आपणच त्यांच्याकडून शिकावं! त्यांना शिकायचं आहे ते दर काढणं: कापड, रंग, दिवसांची मजुरी, पॅकिंग, कुरिअर. शिवाय मोबाईलवर नीट फोटो आणि पक्कं बिल.

घेताना चित्रकाराचं नाव-गाव आणि सही मागा. मोठी ऑर्डर असेल तर निम्मे पैसे आगाऊ द्या. आणि घासाघीस? ती मॉलमध्ये करून दाखवा.