गोठलेल्या पाण्याने इंजिनास होणारी इजा व तिची दुरुस्ती

नंदुरबार जिल्ह्यात इंजिनातील पाणी गोठते असे तापीकाठच्या शेतकऱ्यास सांगितले, तर तो हसण्यावारी नेईल. शहादे-तळोद्याच्या सपाटीवर त्याचे हसणे योग्यही आहे. परंतु सातपुड्याच्या माथ्यावरील गोष्ट निराळी आहे. अक्कलकुवा तालुक्यातील डाब आणि सुमारे १,१५० मीटर उंचीवरील तोरणमाळ येथे थंडीच्या लाटेत पहाटे दवबिंदू गोठतात व गवतावर पांढरा थर दिसतो. अशा रात्री पिकांची चिंता सर्वजण करतात. मात्र रस्त्याच्या वा बांधबंदिस्तीच्या कामासाठी वर नेलेला ट्रॅक्टर किंवा जेसीबी नाल्याचे साधे पाणी भरून उघड्या पठारावर उभा असतो, त्याची आठवण सहसा कोणास होत नाही.

पाणी थंड होत असता प्रथम आकुंचन पावते. परंतु चार अंश सेंटिग्रेडच्या खाली ते उलट प्रसरण पावू लागते आणि बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. इंजिनाचा ब्लॉक बहुधा बिडाचा असतो. बीड दाब सोसते, पण ताण सोसत नाही. ते वाकण्याऐवजी तडकते. येथे एक प्रश्न साहजिक आहे. हवामानाच्या नोंदीत उष्णतामान तीन-चार अंश दाखविले असता बर्फ होतो कसा? नोंदीचा उष्णतामापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पेटीच्या आडोशास असतो. निरभ्र व निवांत रात्री उघड्या आकाशाखालील गवत आणि पत्रा आपली उष्णता झपाट्याने गमावतात व भोवतालच्या हवेहूनही थंड होतात. रेडिएटरच्या बारीक नळ्यांना हा धोका अधिक. जड ब्लॉक व त्यातील पुष्कळ पाणी निवण्यास बराच वेळ लागतो. म्हणून दिवसभर काम केलेल्या यंत्राचा ब्लॉक आपल्याकडे एका रात्रीत फुटणे दुर्मीळच. यंत्र दोन-चार दिवस बंद उभे असले, किंवा ठेक्याच्या कामावर हिमाचल-काश्मीरकडे गेले, म्हणजे खरी कसोटी असते.

पाणी गोठल्याची शंका आली, तर इंजिन सुरू करू नये. पुष्कळ नुकसान बर्फापेक्षा या घाईनेच होते. पाण्याच्या पंपाचा पंखा बर्फात अडकलेला असतो. स्टार्टर मारताच पट्टा घसरून किंचाळतो, नाही तर पंपाचा दांडा मोडतो. इंजिन चालू झालेच, तर रेडिएटरचा तळ बर्फाने बंद असल्यामुळे पाणी फिरत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत इंजिन तापून वाफ सोडू लागते! हे पाहून चालक गोंधळतो व वरून थंड पाणी ओततो. तेही वाईट, आणि गोठलेल्या ब्लॉकवर उकळते पाणी ओतणे त्याहून वाईट. बिडाचा एक भाग एकाएकी तापला की न तडकलेला ब्लॉकही तडकतो. तेलाच्या टाकीखाली शेकोटी पेटविण्याची चाल तर जिवावर बेतणारी आहे. यंत्र ताडपत्रीने झाकून उन्हात उभे राहू द्यावे व बर्फ आपोआप वितळू द्यावा. यात अर्धा दिवस गेला तरी तो फुकट जात नाही.

बर्फ असेतो भेग झाकलेली असते. वितळल्यावरच गळती सुरू होते. म्हणून त्यानंतर होज पाइप, रेडिएटरची जाळी, पंप आणि ब्लॉकच्या कुशीतील वाटीसारखे पत्र्याचे वेल्श प्लग नीट पाहावेत. हे प्लग गोठण्यापासून रक्षणासाठीच बसविलेले असतात, असा कारागिरांत समज आहे. वस्तुतः ब्लॉक ओतताना आत भरलेली वाळू काढण्यासाठी ठेवलेली ती भोके असतात. प्लग बाहेर ढकलला जाऊन ब्लॉक वाचतो असे कधी घडते. पण तो निघाला म्हणून ब्लॉक शाबूत आहे असे धरून चालू नये.

आतील भेग डोळ्यांना दिसत नाही. तेल पाहण्याची सळई काढावी. तेल दुधाळ चहासारखे दिसले किंवा त्याची पातळी वाढलेली आढळली, तर पाणी तेलात उतरले आहे. असे इंजिन थोडा वेळ चालविले तरी बेअरिंगे जातात. तेल स्वच्छ असल्यास रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब हातपंपाने देऊन काटा पाहावा. बाहेर गळती नसता काटा खाली येत असेल, तर पाणी आत कोठे तरी जात आहे.

दुरुस्ती कोणती, हे भेग कोठे आहे यावर ठरते. फाटलेला होज व निघालेला प्लग नवा घालावा. जुना प्लग ठोकून बसवू नये. तांब्या-पितळेचा रेडिएटर डाखाने दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमच्या जाळीचा व प्लॅस्टिकच्या टाकीचा रेडिएटर मात्र बहुधा बदलावाच लागतो. ब्लॉकच्या बाहेरील भिंतीस भेग असल्यास तिच्या दोन्ही टोकांस बारीक छिद्र पाडून ती पुढे सरकणे थांबवितात, आणि मग एकात एक गुंतणारे आटेदार खिळे बसवून थंड अवस्थेतच ती शिवून काढतात. बिडास साध्या कांडीने वेल्डिंग करणे बहुधा फसते. निवताना वेल्डिंगशेजारीच नवी भेग पडते. निकेलची कांडी, सावकाश तापविणे आणि त्याहून सावकाश निवविणे ज्यास साधते, अशाच कारागिराकडे ते काम द्यावे. भेग सिलिंडरच्या भिंतीत किंवा हेडमध्ये व्हॉल्व्हांच्या मध्ये असेल, तर दुरुस्तीचा व नव्या भागाचा खर्च आधी ताडून पाहावा. हंगामाच्या ऐन मध्यावर पुन्हा फुटणारा ब्लॉक सर्वांत महाग पडतो. कोणतीही दुरुस्ती झाली तरी पाण्याचा मार्ग धुऊन काढावा. तेलात पाणी गेले असेल तर तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत.

हा सारा खटाटोप कूलंटने टळतो. एथिलीन ग्लायकॉल व पाणी समभाग घेतल्यास ते मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही; एक तृतीयांश भागही शून्याखाली १७ अंशांच्या आसपास पुरतो. निव्वळ ग्लायकॉल भरणे अधिक चांगले, हा गैरसमज आहे. ते एकटे असता शून्याखाली सुमारे १३ अंशांवरच गोठते. सपाटीवरच्या शेतकऱ्यासही कूलंट उपयोगी आहे, कारण समभाग मिश्रण सुमारे १०७ अंशांवर उकळते, आणि त्यातील गंजरोधक द्रव्ये ब्लॉक आतून राखतात. विंधन विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने जाळीत जी पुटे बसतात, ती शुद्ध पाणी वापरल्याने टळतात. खरी चूक पुढे होते. पातळी उतरली की चालक बाटलीभर साधे पाणी टाकतो. वर्षभर असे चालले, म्हणजे कूलंटचा केवळ रंग उरतो. यास्तव मार्गशीर्षापूर्वी मिश्रणाची घनता मापकाने तपासावी. ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी आहे. काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवल्यास गुरे, कुत्री व मुले दगावू शकतात.

कूलंट मिळण्यासारखे नसेल, तर संध्याकाळी पाणी काढून टाकावे. केवळ रेडिएटरची तोटी उघडून भागत नाही. ब्लॉकची तोटी वेगळी असते, आणि ती गाळाने तुंबल्यास तार घालून मोकळी करावी लागते. नाल्यावरील डिझेल पंपाच्या पोटातील पाणीही काढावे. मग ‘इंजिनात पाणी नाही’ अशी पाटी स्टिअरिंगला बांधावी, कारण पहाटे यंत्र सुरू करणारा माणूस बहुधा दुसराच असतो.