रेघ आणि हद्द

नोकरीची मुदत संपून मी पेन्शनीत निघालो त्याला येत्या दिवाळीत तीन वर्षे पूर्ण होतील; आणि त्यांपैकी अडीच वर्षे ज्या एका उद्योगात गेली, त्याच्या चार वह्या आज समोर एकीवर एक रचून ठेवल्या असता, त्यांचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा अशी इच्छा झाली. या वह्या चित्रांच्या आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्या रेघांच्या वह्या आहेत, आणि पहिलीतील रेघा तर अशा की, एखाद्या उमेदवाराने तशा काढल्या असत्या तर मी त्याला टेबलावरून उठवून बाहेरच्या बाकावर बसविले असते.

आमच्या मोजणीच्या खात्यात रेघेचा धाक फार. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि तशा चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब ज्याच्या अंगात मुरला, त्याला हेही ठाऊक असते की टिपणावरून नकाशा उतरविताना हात जरासा घसरला, तर दोन भावांमध्ये उभा राहिलेला दिवाणी दावा त्यांच्या नातवांच्या हयातीतही निकाली निघत नाही. या धाकापायी तीस वर्षांत मी पट्टीवाचून एकही रेघ काढली नाही. चित्रकलेशी माझा त्यापूर्वीचा संबंध म्हणाल तर शाळेत असताना दिलेल्या एलिमेंटरीच्या परीक्षेपुरताच, आणि तीत स्थिरचित्रातील तांब्याने दगा दिल्यामुळे तोही तिथेच संपुष्टात आला होता.

वाईस राहावयास आल्यावर शेजारच्या आळीतील एका निवृत्त ड्रॉइंगमास्तरांकडे मी सहज म्हणून गेलो. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि दोन ठिपके देऊन ते जोडावयास सांगितले. मी पेन्सिलीने बारीक बारीक तुकडे जोडीत, मागे येत, पुन्हा पुढे सरकत, दुसऱ्या ठिपक्यापर्यंत कसाबसा पोहोचलो. कागद उजेडाकडे धरून मास्तर म्हणाले, "भाऊसाहेब, ही रेघ तुम्ही काढली आहे की तिची परवानगी मागितली आहे?" त्याच दिवशी त्यांनी माझे खोडरबर जप्त केले व पेन्सिलीच्या जागी शाईचे पेन हाती दिले.

पुढील चार महिन्यांची पहिली वही म्हणजे केवळ ठिपके आणि रेघा. मनगट टेकवून काढलेली रेघ दोनअडीच इंचांनंतर वाकते, कारण मनगट ही एक बिजागरी असून बिजागरीचा धर्म कमान काढणे हाच आहे. लांब रेघ हवी असेल तर कोपर उचलून हात खांद्यापासून हलवावा लागतो. पेन टेकण्यापूर्वी हात हवेतच दोनदा त्या वाटेने फिरवून आणावा, नजर पेनाच्या टोकावर न ठेवता जिथे पोहोचावयाचे त्या ठिपक्यावर ठेवावी, आणि एकदा निघाल्यावर थांबू नये. चुकलीच तर ती गिरवावयाची नाही. शेजारी दुसरी काढावयाची आणि पहिली तशीच राहू द्यावयाची. सर्वांत कठीण गेले ते हेच शेवटचे. चुकीची नोंद कागदावर उघडी ठेवून पुढे जाणे माझ्या दप्तरी संस्कारांत बसत नव्हते. रस्किनच्या 1857 साली प्रसिद्ध झालेल्या चित्रकलेच्या पाठांतील पहिलाच पाठ, म्हणजे लहानसा चौकोन आखून तो पेनाच्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघांनी सर्वत्र सारखा भरणे, हाही मास्तरांनी करून घेतला. त्याने संयम वाढला असेल, परंतु हात सुटला तो ठिपक्यांनीच, असे माझे मत आहे.

दुसऱ्या वहीच्या वेळी एक गोष्ट ध्यानात आली आणि स्वतःचीच लाज वाटली. कचेरीतील जुन्या दप्तरात मोडीचे कागद मी शेकड्यांनी हाताळले होते, पण केवळ पुरावा म्हणून. आधी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावरची रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरे लटकवीत, बोरू होईल तेवढा कमी उचलीत जावयाचे, ही जी त्या लेखकांची रीत, ती मास्तर मला शिकवीत होते त्याहून निराळी कुठे होती? ज्यांची आपण नुसते कारकून म्हणून बोळवण केली, ते सारे रेषेचे धनी होते.

तिसरी वही यथार्थदर्शनाची, आणि खरी फजिती इथे झाली. नकाशाला डोळा नसतो. तो कोठूनही पाहिलेला नसतो, म्हणून त्यातील समांतर बांध गावाच्या शिवेपर्यंत समांतरच राहतात. चित्रात मात्र ते दूर जाता जाता डोळ्यांच्या पातळीवर एका बिंदूत जाऊन मिळतात. हा मला प्रथमतः अन्यायच वाटला, कारण आमच्या शिस्तीत दोन समांतर बांध मिळाले तर मधले शेत कोणी गिळले याची चौकशी लागते. मास्तरांनी वाद घातला नाही. मला खिडकीशी बसविले, एक डोळा मिटावयास सांगितला आणि डोके न हलविता समोरच्या रस्त्याच्या कडा काचेवरच तेलकट खडूने गिरवावयास लावल्या. कडा मिळाल्या. चित्र म्हणजे उघडी खिडकी, ही कल्पना आल्बेर्तीने 1435 साली मांडली होती आणि ड्यूररने 1525 च्या आपल्या ग्रंथात अशा काचेवरचे रेखन चित्रासह दाखविले होते, हे मला मागाहून वाचनात आढळले.

यानंतर मी गणपती घाटावर जाऊ लागलो. कृष्णेच्या पाण्याशी बसून वर पाहिले असता पहिल्या चार पायऱ्यांचे पृष्ठ दिसे, पण प्रत्येकीचे आधीच्या पायरीपेक्षा अरुंद. पाचवी नेमकी डोळ्यांच्या पातळीवर येऊन तिचे पृष्ठ निव्वळ एक रेघ होई. आणि त्यावरच्या पायऱ्यांचे केवळ उभे दगड तेवढे दिसत. उठून दोन पायऱ्या वर बसलो की सारा दस्तऐवज रद्द. आणि तिथे बसल्या बसल्या परीक्षेतील तांब्याचा उलगडा इतक्या वर्षांनी झाला: मी त्याचे तोंड लंबवर्तुळ काढून बूड सपाट रेघेने छाटले होते; वास्तविक बूड डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे त्याचा गोल तोंडाच्या गोलाहूनही अधिक भरीव दिसावयास हवा होता.

रेषा आणि यथार्थदर्शन हे दोन निराळे विषय मानून एकामागून एक शिकविण्याचा प्रघात आहे. माझ्या वह्या त्याला दुजोरा देत नाहीत. पहिल्या वहीत सरावाने सुधारलेली रेघ तिसऱ्या वहीच्या आरंभी पुन्हा थरथरू लागली आहे, आणि तिला कोठे जाऊन मिळावयाचे हे मला कळू लागल्यावर, म्हणजे सुमारे चाळिसाव्या पानापासून, ती आपोआप निवळली आहे. थरथर हाताची नव्हतीच. मुक्काम ठरविल्यावाचून निघालेल्या नजरेची होती.

चौथ्या वहीविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. उतारावर चढत जाणाऱ्या पायऱ्यांच्या कडा जोडणारी रेघ डोळ्यांच्या पातळीवर न मिळता तिच्या सरळ वर, आकाशात कुठेतरी मिळते, हे मास्तरांनी तीनदा समजावूनही माझा हात ऐकत नाही. ही वही गेल्या आषाढात संपली. तिच्या शेवटच्या पानावर घाटाच्या सतरा पायऱ्या आहेत, त्यांतील अकरावी चुकली आहे, आणि तिच्या शेजारी दुसरी काढलेली आहे.