खोडदच्या तबकड्यांना हुकूम कसा जातो

नारायणगावहून खोडदकडे वळलं की टोमॅटोच्या वावरांपलीकडे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसू लागतात. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मधल्या आवारात, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. वेध चालू असताना या सगळ्या एकाच दिशेला वळवायच्या, तेही पुन्हा पुन्हा. त्यासाठी रात्रभर कोणी बटणं दाबत बसत नाही. वेध घेणारा शास्त्रज्ञ आधीच साध्या मजकुराच्या दोन फायली तयार करतो.

पहिलीत आकाशातले पत्ते: स्रोताचं नाव, विषुवांश, क्रांती. दुसरी हुकमांची. आधी ३सी२८६सारख्या प्रमाण-स्रोताकडे (ज्याची तीव्रता आधीच ठाऊक आहे अशा स्रोताकडे) वळा, थांबा, नोंद सुरू करा, काही मिनिटांनी बंद करा. मग लक्ष्याजवळचा दुसरा प्रमाण-स्रोत, त्यानंतर खुद्द लक्ष्य, आणि ठरावीक वेळाने पुन्हा प्रमाण-स्रोत. ऑपरेटर ही फाइल चालू करतो. हुकूम ऑप्टिकल फायबरवरून प्रत्येक तबकडीपाशी पोचतो आणि तिथली यंत्रणा मोटरी फिरवते. पृथ्वी फिरत असल्याने तबकडीचा कोन सतत नव्याने काढावा लागतो, पण ते गणित संगणकाचं. शास्त्रज्ञाला फाइलीत ते लिहावं लागत नाही.

खरी मेख ‘थांबा’मध्ये आहे. तबकडी आडवी मिनिटाला ३० अंश वळते, उभी २० अंश. म्हणजे आडवे ९० अंश जायला तीन मिनिटं. हुकूम सुटला म्हणजे तबकडी पोचली असं नव्हे. लगेच नोंद घेतली तर भलत्याच आकाशाची होईल.

आपल्या संगणकावरच्या लाँचरचंही, म्हणजे शब्द टाइप करताच काम सुरू करून देणाऱ्या साधनाचंही, असंच: हुकूम सुटला म्हणजे काम झालं असं नव्हे. मॅकवर अल्फ्रेड, लिनक्सवर यूलाँचर. त्यात एखादा शब्द ठरवायचा, ‘वेध’ म्हणा, आणि त्यामागे शेल-स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, जोडायची. शब्दापुढे जे टाइप कराल ते स्क्रिप्टच्या हाती जातं. ‘वेध ३सी२८६’ म्हटलं की तिने सर्व्हरवरून त्या स्रोताची फाइल उतरवावी आणि उघडावी.

इथे बहुतेकांचं घोडं पहिल्याच दिवशी अडतं. टर्मिनलमध्ये नीट चालणारी आज्ञा लाँचरमधून सापडतच नाही, कारण टर्मिनल उघडताना वाचली जाणारी तुमची पाथची (आज्ञा कुठे शोधायच्या त्या जागांच्या यादीची) मांडणी लाँचर बहुधा वाचत नाही. म्हणून आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा. दोन आज्ञांमध्ये && घालावं, म्हणजे उतरवणं यशस्वी झाल्याशिवाय उघडण्याची आज्ञा सुटत नाही. लाँचरची चौकट काम सोपवताच मिटते, ते पुरं होईतो थांबत नाही. तेव्हा शेवटी || लावून अपयशाची सूचना देणारी आज्ञा जोडावी. नाहीतर फाइल मोठी म्हणून वेळ लागतोय की जोडणीच तुटली आहे, हे कळायला मार्ग राहत नाही.