उल्केच्या विवरातील नगर : नोर्डलिंगेन

दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया प्रांताच्या पश्चिम सरहद्दीजवळ, एगर नावाच्या लहानशा नदीच्या काठी नोर्डलिंगेन हे शहर वसले आहे. जुनी शहरे पाहण्याच्या हौसेने त्या देशी जाणारा प्रवासी बहुधा प्रथम रोटेनबुर्ग गाठतो, आणि परतवाटेवर वेळ उरलाच तर इकडे वळतो. दीड-दोन तासांत तट, प्रार्थनामंदिर व बाजारपेठ उरकून तो पुढच्या गाडीने निघूनही जातो. वास्तविक हे शहर असे उरकण्याजोगे नव्हे. येथे जे डोळ्यांपुढे उभे असते ते ओळखण्यास थोडा वेळ व थोडी पूर्वतयारी लागते.

प्रथम तट पाहावा. जर्मन राजा लुडविग याच्या आज्ञेने १३२७ साली तो बांधावयास घेतला. त्याचा घेर सुमारे पावणेदोन मैल असून त्यास पाच वेशी आहेत. तटाच्या आतील अंगास उंचावर छपराखालून जाणारी पहारेकऱ्यांची वाट आहे, आणि तिच्यावरून आजही शहराची सबंध फेरी करता येते. एका बाजूस तटातील जंग्या, तर दुसऱ्या बाजूस परसदारे, वाळत घातलेले कपडे व तटालाच पाठ लावून बांधलेली बुटकी घरे. नदीलगतच्या पेठेत पूर्वी कातडी कमावणारे राहत. त्यांच्या घरांचे वरचे मजले वाऱ्यासाठी मोकळे ठेवलेले दिसतात, ते कातडी वाळविण्याकरिता.

एवढा तट शाबूत राहिला कसा, हा प्रश्न सुज्ञ प्रवाशास पडतोच. त्याचे उत्तर फारसे सुखाचे नाही. येथील जत्रेचा उल्लेख १२१९ सालापासून आढळतो आणि लोकर, कातडी व धान्य यांच्या व्यापारावर शहर चांगले गबर झाले होते. परंतु तीस वर्षांच्या युद्धात, १६३४ च्या सप्टेंबरात, शहराबाहेरच्या टेकड्यांवर स्वीडिश पक्षाच्या फौजेचा मोठा पराभव झाला. वेढा, उपासमार व रोगराई यांनी वस्ती फार घटली आणि व्यापार दुसरीकडे गेला. ज्या गावाजवळ नवे बांधावयास पैसा नसतो, तेथे जुनेच टिकते. पुढे एकोणिसाव्या शतकात तटाचे दगड घरबांधणीसाठी काढून नेण्यास आरंभ झाला होता, तो बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने १८२६ साली बंद करविला.

शहराच्या मध्यभागी संत जॉर्जचे प्रार्थनामंदिर आहे. १४२७ पासून १५०५ पर्यंत त्याचे काम चालले. त्याच्या मनोऱ्यास लोक लाडाने ‘डानिएल’ म्हणतात. उंची सुमारे ३०० फूट, आणि पायऱ्या साडेतीनशे! वर पोहोचल्यावर पायांतळी लाल कौलांचे जवळजवळ वाटोळे शहर दिसते. पुष्कळ प्रवासी तेवढेच पाहून, हा वाटोळा तट म्हणजेच ते प्रसिद्ध विवर, असा समज करून घेतात. तो साफ चुकीचा आहे. नजर तटाच्या पलीकडे, सपाट शेतांवरून दूर नेली पाहिजे. तेथे क्षितिजाशी, परातीच्या काठासारखी, टेकड्यांची एक ओळ सभोवार फिरलेली दिसते. तिच्या आतील प्रदेशास रीस म्हणतात. त्याचा व्यास सुमारे १५ मैल. विवर ते हे!

सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड पाषाण येथे आदळला. तटाच्या आतील सारे शहर जेवढे रुंद आहे, त्याहूनही तो काहीसा मोठाच असावा. त्या आघाताने वितळून उडालेल्या मातीची हिरवी काच बोहेमियात, म्हणजे दोनशे मैलांपलीकडे, आजही सापडते. विवरात प्रथम सरोवर झाले, ते गाळाने हळूहळू भरत गेले आणि त्याचीच आजची सुपीक जमीन बनली.

गंमत अशी की, हे गेल्या शतकापर्यंत कोणास पटले नव्हते. तेथील करड्या, काचेचे तुकडे मिसळलेल्या दगडास सुएव्हाइट म्हणतात. तो ज्वालामुखीचा दगड असे बहुतेक पंडित मानीत. मात्र लाव्हाचे प्रवाह कोठेच का दिसत नाहीत, याचे समाधान होत नसे. १९६० साली शूमेकर व चाओ या अमेरिकेतील भूशास्त्रज्ञांनी जवळच्या ओटिंग गावाच्या खाणीतील दगड तपासला. त्यात त्यांना कोएसाइट हे खनिज आढळले. साध्या गारेचेच हे रूप. पण ते घडण्यास हवेच्या दाबाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब लागतो. भूपृष्ठावर असा दाब उल्केच्या आघातावाचून संभवत नाही, आणि वादाचा निकाल लागला.

महाराष्ट्रीय वाचकास येथे लोणारची आठवण होणे साहजिक आहे. लोणारचे विवरही दीर्घकाळ ज्वालामुखीचेच समजले जाई. १९७३ साली तेथील बेसाल्टमध्ये आघाताच्या खुणा मिळाल्या, तेव्हा ती समजूत मागे पडली. लोणारचा व्यास मात्र सव्वा मैलाहूनही कमी. रीस त्याच्या बारा-तेरा पट रुंद आहे. लोणारला काठावर उभे राहिले की सर्व विवर एका दृष्टीत मावते. रीस इतके मोठे आहे की त्यात राहणाऱ्यांनाही ते दिसले नाही.

आता मनोऱ्यावरून उतरून प्रार्थनामंदिराच्या भिंतीस हात लावून पाहावा. ही इमारत मुख्यतः त्याच सुएव्हाइटची आहे. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हिऱ्यांचे कणही आहेत. गवंड्यांनी तो दगड घेतला तो केवळ जवळ मिळे व सहज घडविता येई म्हणून. हवा-पावसाने तो झिजतो, ही त्याची मोठी खोड आहे, आणि त्यामुळे दुरुस्तीचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालूच असते. कातडी कमावणाऱ्यांच्या पेठेत १९९० साली उघडलेले विवराचे संग्रहालय आहे. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो १४ च्या वीरांना दगड ओळखावयास शिकविण्यासाठी १९७० साली याच परिसरात आणले होते. तेथे चंद्रावरचा एक दगडही ठेवलेला आहे.

शक्य असल्यास रात्री मुक्काम करावा. डानिएलवर अद्याप पहारेकरी असतो, आणि रात्री १० ते १२ पर्यंत दर अर्ध्या तासाने तो ‘झो, ग्सेल, झो’ अशी आरोळी देतो. ‘असे, गड्या, असे’ हा तिचा ढोबळ अर्थ. ओटिंगेनच्या सरदाराने वेशीचे राखणदार फितविले होते, त्या रात्री उघड्या राहिलेल्या दारास एक डुकरीण अंग घासताना एका बाईने पाहिली व शहर वाचले, अशी तिच्यामागची आख्यायिका सांगतात. मंदिराच्या पायथ्याशी उभे राहिले असता, बाजार बंद झाल्यावर, ती आरोळी स्पष्ट ऐकू येते.