पिरान्हा म्हणून घरी आलेला रूपचंद

कोलकात्याजवळच्या बजबजच्या बाजारात एकच मासा दोन नावांनी विकला जातो. सकाळी मासेवाल्याच्या 'बोटी'वर, म्हणजे बंगाल्यांच्या उभ्या विळीवर, तो रूपचांदा असतो आणि किलोवर जातो. संध्याकाळी रंगीत माशांच्या दुकानात त्याचंच बोटभर पिल्लू लाल पोट मिरवत काचेमागे फिरत असतं आणि जोडीवर जातं. तिथे तो पिरान्हा.

"ओरिजिनल ना?" असं मी विचारलं तेव्हा दुकानदार इतक्या चटकन "एकदम ओरिजिनल, दादा" म्हणाला, की तिथेच संशय यायला हवा होता. आला नाही. दोन जोड्या घेऊन घरी गेलो. पाहुण्यांना टाकीत बोट घालू नका म्हणून बजावण्यात काही महिने मजेत गेले. मग एकदा बायकोने काकडीच्या चकत्या टाकल्या आणि चारही राक्षस त्यावर तुटून पडले. काकडीवर पोसणारा पिरान्हा? जवळच्या मासेवाल्याने एका नजरेत निकाल दिला : रूपचांदा, अजून लहान आहे.

हा पाकू. पिरान्हाचा चुलतभाऊच म्हणा, दोघं एकाच कुळातले आणि दोघांचं माहेर दक्षिण अमेरिका. आपल्याकडे लाल पोटाचा पाकू 2003-04 च्या सुमारास बांगलादेशातून पश्चिम बंगालमध्ये आला. तळ्यात भराभर वाढतो, मिळेल ते खातो, म्हणून मत्स्यशेतीवाल्यांनी तो उचलला आणि पापलेटशी जरा चेहरा जुळतो म्हणून नावही तसंच देखणं मिळालं. महाराष्ट्रातल्या बाजारात 'रूपचंद' म्हणून मिळतो तो हाच. तेव्हा कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानात कुणी स्वस्तात पिरान्हा देऊ केला, तर आधी रूपचंद आठवावा.

पिल्लं ओळखणं खरंच अवघड असतं. दोघांचं पोट लाल, दोघांच्या अंगावर ठिपके, दोघांच्या पोटाखाली करवतीसारखी कड. पाहायचा तो जबडा, तोही बाजूने. पिरान्हाचा खालचा जबडा बुलडॉगसारखा पुढे आलेला असतो. पाकूचा तसा नसतो. दात दिसले तर वादच मिटतो : पिरान्हाचे तिकोनी, पात्यासारखे, वरचे-खालचे एकमेकांत बसणारे. पाकूचे चक्क आपल्या दाढांसारखे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला कुणाची तरी कवळी आठवली. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पुराचं पाणी जंगलात शिरतं तेव्हा झाडावरून पडलेली फळं आणि कठीण बिया फोडायला हे दात. काही बिया न फुटता पोटातून पुढे जातात आणि दूर कुठेतरी रुजतात. म्हणजे जंगल लावणाऱ्यांपैकी हा एक.

पिरान्हाची बदनामी केली ती अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी. ब्राझीलच्या मोहिमेवरचं त्यांचं पुस्तक 1914 साली निघालं. रूझवेल्टांच्या पुस्तकातला पिरान्हा रक्ताला चटावलेला, जगातला सगळ्यात क्रूर मासा आहे. पुढे याच माशावरच्या 1978 च्या सिनेमाने उरलंसुरलं काम केलं. प्रत्यक्षात हा भित्रा मासा आहे. तो थवा करतो तो शिकारीपेक्षा स्वतःच्या बचावासाठी, असं अभ्यासकांना आढळलं आहे. काचेवर टकटक केली की सगळे कोपऱ्यात जाऊन दाटीने उभे राहतात. हातात धरला तर भुंकल्यासारखा आवाजही काढतो. अर्थात भित्रा म्हणजे निरुपद्रवी नव्हे : टाकीत काम करताना लांब दांड्याची जाळी हवी, आणि नेताना प्लॅस्टिकची पिशवी नको, झाकणाची बादली हवी. पिशवी तो सहज फाडतो.

तरीही ज्याला पिरान्हा पाळायचाच आहे, त्याने आधी घरातली जमीन मोजावी. पाच-सहा लाल पोटाच्या पिरान्हांना सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी लागते. म्हणजे 24 घनफूट, सुमारे 680 लिटर, नुसतं पाणीच 680 किलो. वर काच, वाळू, लोखंडी स्टँड. दहा-बारा मोठी माणसं एकाच भिंतीला टेकून वर्षानुवर्षं उभी आहेत, असं समजा. टाकी तुळईवर, भिंतीलगत ठेवावी, आणि जुनी इमारत असेल तर तळमजल्यावरच. एकटा पिरान्हा चालतो, पाच-सहा चालतात. दोन किंवा तीन ठेवू नयेत, दुबळा असेल त्याचं शेपूट आधी जातं आणि मग तो स्वतः.

पाणी 24 ते 28 अंश लागतं. कोलकात्याकडे जानेवारीच्या रात्री पारा 12-13 वर येतो, तेव्हा हीटर हवाच, तोही जाळीच्या आवरणात. मांसाहारी मासा पाणी लवकर नासवतो, म्हणून दुकानदार देईल त्याच्या दुप्पट ताकदीचा फिल्टर घ्यावा. नवी टाकी भरल्यावर लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतले मासे महिनाभरात का मरतात, याचं उत्तर बहुतेकदा हेच असतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, नळाचं असेल तर त्यातला क्लोरीन काढून. उजेड मंद, तळाला काळसर वाळू, आडोशाला लाकूड.

खायला कोळंबी, माशाचे तुकडे, गोळीखाद्य. उरलेलं पाच-दहा मिनिटांत काढून टाकायचं. जिवंत गोल्डफिश सोडून मुलांना 'खेळ' दाखवण्याची हौस बऱ्याच घरांत असते. मला ती आवडत नाही, आणि त्या गोल्डफिशबरोबर रोगही टाकीत येतात.

पाकूसाठी मात्र एवढी मोठी टाकीसुद्धा पुरत नाही. पिरान्हा फूटभर वाढून थांबतो. लाल पोटाचा पाकू अडीच-पावणेतीन फुटांपर्यंत आणि 25 किलोपर्यंत जाऊ शकतो, त्याचा मोठा भाऊ तांबाकी त्याहूनही पुढे. त्याला वळायला जागा लागते ती हौदाची, दिवाणखान्यातल्या काचेची नव्हे. घाबरला की तो काचेवर धडकतो, हीटर फोडतो. वाटाणे, काकडी, केळं, भोपळा काहीही खातो, त्यामुळे पाळायला सोपा वाटतो. सोपं असतं ते पहिलं वर्ष. माझं मत विचाराल तर दोघांपैकी घरात ठेवण्याजोगा पिरान्हाच. पाकू तळ्यातला, नाहीतर ताटातला.

माझे चार वीतभर झाले तेव्हा टाकीत वळताना त्यांच्या शेपट्या दुमडायला लागल्या. रविवारी लोकलने सियालदाह आणि तिथून बागबाजारच्या गॅलिफ स्ट्रीटला गेलो. दर रविवारी तिथे कालव्याकाठी झाडं, पक्षी, मासे यांचा हौशी बाजार भरतो. मोठे पाकू कुणी फुकटसुद्धा घेईना. शेवटी मत्स्यशेतीचं तळं असलेल्या एका ओळखीच्याला दिले. त्याने त्यांचं पुढे काय केलं, ते मी विचारलं नाही.

"गंगा तर समोर आहे, सोडून द्या," असा सल्ला मला तिघांनी दिला होता. तो मानला नाही, कारण असे सोडलेले मासे कसे मातात ते दिसतंच आहे. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत आज सकर मासा मातला आहे, आणि तो मुळात टाकीची काच साफ करायला म्हणून आणलेला. आपल्या उजनी धरणातल्या जाळ्यांतही तोच येतो. तेव्हा टाकी आवरायची वेळ आली तर मासा दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्याला द्या, पाकू असेल तर खाऊन टाका. पण हुगळीत, म्हणजे इथल्या गंगेत, उजनीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका.