दोन समुद्रांचं गाव

समुद्राची नाडी पाहायला दर वेळी जहाज लागत नाही. दोरी, पांढरी तबकडी आणि तारीख घातलेली वही एवढ्यावरही काम सुरू होतं, अगदी मावळातल्या कामशेतमध्येसुद्धा.

कामशेतला समुद्र नाही. तो घाटाखाली, कोकणात. पण मावळातल्या पावसाचं पाणी जातं कुठे? कुरवंड्याला उगम पावलेली इंद्रायणी कामशेतवरून देहू-आळंदीला जाते, तुळापूरला भीमेत मिसळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. याच मावळातलं काही पाणी मात्र उलट्या वाटेने उतरतं. टाटांच्या वळवण धरणाचं पाणी नळांतून खोपोलीच्या वीजघरात येतं आणि पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीकडे, अरबी समुद्रात जातं. ठोकळवाडीचं पाणी भिवपुरीमार्गे उल्हास नदीला मिळतं. मावळातली एक सर अशी दोन समुद्रांत वाटली जाते.

या समुद्रांची तब्येत पाहायला उपग्रह आहेत, हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तरी किनाऱ्यालगतचा पट्टा अवघडच राहतो. उपग्रह पाण्याच्या रंगावरून त्यातलं शेवाळ ओळखतो. किनाऱ्याजवळ गाळ आणि शेवाळ यांचे रंग एकमेकांत मिसळतात आणि पावसाळ्यात तर ढगच आड येतात. तिथे रोज उभा राहणारा माणूस उपयोगी पडतो.

असं पाहणं कोकणाला नवं नाही. भरती कधी, हे काढायला तिथे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती, अष्टमीला सहाला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. हा हिशोब प्रयोगशाळेतून आलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच किनाऱ्यावर उभं राहून पाहिल्यावर तो जमला.

ताटाएवढी तबकडी

पाणी किती नितळ आहे, हे मोजायची सर्वांत साधी रीत १८६५ ची आहे. इटलीतले जेझुइट खगोलशास्त्रज्ञ आन्जेलो सेक्की यांनी पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या समुद्रात सोडून पाहिल्या. ताटाएवढी, सुमारे ३० सेंटिमीटरची तबकडी वजन बांधून खाली सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची. वर ओढताना पुन्हा दिसते तीही टिपायची. दोन्हींची सरासरी काढायची. २०१३ पासून ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी हीच तबकडी जगभरच्या नाविकांच्या हाती दिली आणि नोंदीसाठी मोबाइल ॲप दिलं. खोल समुद्रात पाणी गढूळ करतं ते मुख्यतः वनस्पती-प्लवक, म्हणजे समुद्राच्या अन्नसाखळीची पहिली कडी. त्यामुळे दोरीवरच्या आकड्यावरून प्लवकांचा अंदाज येतो.

खाडीत मात्र हा अर्थ लागू होत नाही. तिथे तबकडी लवकर दिसेनाशी झाली, तर बहुधा गाळामुळे. आकडा तोच, अर्थ वेगळा. म्हणून मापाबरोबर जागा लिहावीच लागते.

ओहोटीच्या वेळी

मुंबईत २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू झाला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर लोकांना घेऊन जायचं, दिसेल त्या जिवाचा फोटो काढायचा आणि तो जागा-वेळेसकट ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर टाकायचा. ज्या शहराच्या समुद्रात कचऱ्याशिवाय काही नाही असा समज होता, तिथे प्रवाळं, समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस लोकांच्या नजरेस पडू लागले. किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीची प्रवाळं हलवावी लागली. जे कुठेच लिहिलेलं नाही, ते वाचवायची पाळीही कुणावर येत नाही.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांसोबत २००२ पासून कासवांची घरटी राखली. कोण, कधी, कुठे अंडी घालून गेली, पिल्लं कधी बाहेर पडली, हे दरवर्षी टिपलं जातं. वाळू तापली की ऑलिव्ह रिडले कासवांची जास्त पिल्लं मादी होतात, गार राहिली की नर. त्यामुळे घरट्याची वही हवामानाचीही वही ठरते.

ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, हा समज या एका पट्टीने हलला. पण ती दिसली, कारण त्या रात्री वाळूत कुणीतरी फिरत होतं.

वहीची शिस्त

या सगळ्यात अवघड भाग मोजण्याचा नाही, सातत्याचा आहे. जागा तीच, वेळ तीच, रीत तीच. आणि काही दिसलं नाही, तर ‘दिसलं नाही’ असंही लिहायचं. उत्साहाच्या दिवशी दहा नोंदी आणि मग महिनाभर शांतता, यातून समुद्राचा स्वभाव कळत नाही, नोंदणाऱ्याचा कळतो.

कामशेतला हे जमेल का? जमेल, पण अपेक्षा नेमकी हवी. इंद्रायणीतला मावळी गाळ थेट समुद्रात जात नाही. वाटेत उजनी धरण आहे, पुढे कृष्णेवर श्रीशैलम आणि नागार्जुनसागर आहेत. गाळ धरणांत अडकतो आणि कृष्णेच्या मुखाशी नव्या मातीविना किनारा झिजतो. म्हणजे इथे मोजलेला आकडा समुद्राचा नसेल. समुद्राला जे मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, त्या हिशोबाची सुरुवात असेल.

पूर ओसरल्यावर, पुलावरून, पांढरं रंगवलेलं ताट खाली सोडायचं. दोरीवर दर दहा सेंटिमीटरला गाठ. दर रविवारी सकाळी आठला. पहिल्या वर्षी ती वही कुणाला दाखवावी अशी वाटणार नाही. दहाव्या वर्षी ती कुणीतरी मागायला येईल.